रीत दाखव

“मी काय करती? काय न्हाय बाई. घरीच असती.”

हे सांगताना ती म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून उकिडवी बसली होती. गुडघ्यांत किटली, दोन्ही हात आचळांवर. धारेचा आवाज आधी पत्र्यावर पाऊस पडावा तसा कडक, मग किटली भरत जाईल तसा मऊ होत गेला. पलीकडे रेडकू दाव्याला हिसके देत होतं. मी गोठ्याच्या तोंडाशी उभी होते. हातात पॅड, पॅडला लावलेली अनुसूची आणि अनुसूचीत प्रश्न: मुख्य काम काय करता?

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव. एम.ए. संपलं त्या उन्हाळ्यात एका सर्वेक्षणासाठी मी घरोघर माहिती गोळा करत हिंडत होते. ओसरीवरून तिचा नवरा म्हणाला, “तिचं काय लिहू नका मॅडम, ती घरीच असती.” सासूनेही मान डोलावली. तेवढ्यात दूध गाळून झालं, तिने किटली पोराच्या हातात दिली आणि पोरगं डेअरीकडे पळालं. डेअरीच्या कार्डावर नाव नवऱ्याचं होतं, दहा दिवसांचं बिलही त्याच्याच हातात पडणार होतं. पहाटे उठून शेण काढणारी, कडबा तोडून गव्हाणीत टाकणारी, म्हैस व्यायला झाली की रात्रभर तिच्यापाशी बसणारी मात्र ती. हे सगळं तिनेच मला सांगितलं, पण कामाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही. नंतर, चहाचा कप पुढे करताना, म्हशीच्या कौतुकात.

मी अनुसूचीत तिचे शब्द लिहिले: काही नाही, घरीच.

उन्हाळा सरल्यावर आम्ही चौघं पुण्यातल्या एका खोलीत बसून भरलेल्या अनुसूचींना आकडे देत होतो. कोड राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या यादीवर बेतलेले होते. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्याशिवाय सरपण, भाजीपाला, चारा वगैरे फुकट मिळणाऱ्या वस्तू गोळा करणं, घरच्या वापरासाठी शिवण, विणकाम वगैरे करणं. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. ९२ आणि ९३ ‘कामकरी’ या सदरात मोडत नाहीत, २१ मोडतो. आमच्या तक्त्यात मुख्य कामाला एकच चौकट होती. त्या बाईला मी २१ दिला. तीच अनुसूची पडताळणीसाठी शेजारच्या मुलाकडे गेली, त्याने ९२ दिला. त्याचं म्हणणं बरोबर होतं: उत्तरात जे लिहिलंय त्याला कोड द्यायचा. माझंही बरोबर होतं, कारण मी धार पाहिली होती.

पर्यवेक्षकांपुढे वाद गेला. त्यांनी वाट काढली: घरात दुभतं जनावर असेल आणि दूध डेअरीला जात असेल, तर बाईला २१. लगेच दुसरी अनुसूची निघाली, त्यात म्हैस होती पण आटलेली. तिसरीत म्हैस होती, दूध जात होतं, पण धार सासू काढायची. नियमाला पोटनियम लागत गेले. शेवटी कोणीतरी म्हणालं, “अहो, अशा घरातल्या बायका काय करतात ते आपल्याला माहीतच असतं ना?” आणि मग भराभर कोड पडत गेले. अहवालाच्या परिशिष्टात एक वाक्य आलं, की कोडिंग करणाऱ्यांमध्ये समाधानकारक एकमत होतं. ते एकमत कसं झालं हे त्या खोलीबाहेर कोणालाच कळलं नाही. मला ते बरेच दिवस खुपत राहिलं.

या खुपण्याला शब्द मिळाले ते वर्षभराने, ग्रंथालयात, हॅरॉल्ड गारफिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या ‘स्टडीज इन एथ्नोमेथडॉलॉजी’ या पुस्तकात. वर्गात हे नाव एका तासात उरकलं गेलं होतं: घटना-लक्षी समाजशास्त्र, आल्फ्रेड शुट्झ, त्याच्या पाठोपाठ गारफिंकल, सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाचा अभ्यास, मर्यादा चार. परीक्षेला टीप म्हणून यायचं. पुस्तक मात्र पहिल्याच प्रकरणात आमच्या खोलीत शिरलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात कोणत्या रुग्णाला उपचारासाठी घेतात आणि कोणाला नाही, हे शोधायचं होतं. त्यासाठी दोन विद्यार्थी दीड हजारांहून जास्त रुग्णांच्या फायली वाचून ठरावीक तक्त्यात माहिती भरत होते. त्यांचं आपसांत किती जुळतं हे मोजताना एक गोष्ट उघडी पडली. फायलीतली तुटक नोंद वाचून ‘इथे प्रत्यक्षात काय झालं असणार’ हे ठरवायला ते दवाखाना कसा चालतो याची आपली माहिती वापरत होते. आणि दवाखाना कसा चालतो हेच तर त्या फायलींतून शोधायचं होतं!

या कामात कोडर कशाचा आधार घेतात, त्यांना गारफिंकलने नावं दिली आहेत. ती मराठीत आपल्या तोंडी रोज असतात: ‘वगैरे’, ‘नाहीतर’, ‘जाऊ दे’, ‘झालं ते झालं’. कितीही काटेकोर सूचना लिहा, ती सूचना या फायलीला लागू पडते की नाही हे सांगणारी आणखी एक सूचना लागते, आणि ती साखळी कुठेतरी एखाद्या ‘वगैरे’वर थांबते. कोडर आळशी आहे म्हणून असं होत नाही. चांगला कोडर असाच काम करतो, आणि हे आधार काढून घेतले तर कामच ठप्प होईल, असं गारफिंकल म्हणतो. हे वाचताना मला ९३ क्रमांकाच्या व्याख्येतले ते दोन ‘वगैरे’ आठवले. लाखो बायका त्या दोन शब्दांच्या आतबाहेर होत असतात.

एथ्नोमेथडॉलॉजी म्हणजे माणसं रोजचं जगणं कोणत्या पद्धतींनी चालवतात याचा अभ्यास. तिला मराठीत काय म्हणावं यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. पाठ्यपुस्तकांतले जोडशब्द जड वाटतात. मला ‘रीत’ हा शब्द पुरतो. गणिताचे सर उत्तर बरोबर आलं तरी अर्धे गुण कापायचे: “उत्तर नको, रीत दाखव.” घरात तोच शब्द वेगळ्या अंगाने येतो: पाहुण्याला पाणी विचारायची रीत, देण्याघेण्याची रीत. गणिताची रीत आणि घरची रीत एकाच शब्दात राहतात, आणि गारफिंकलला नेमकं तेच हवं होतं. १९५४च्या सुमारास तो अमेरिकेतल्या ज्यूरींच्या चर्चांच्या ध्वनिमुद्रणांवर काम करत होता. ज्यूरीतले लोक ना वकील ना शास्त्रज्ञ, तरी पुरावा कशाला म्हणायचं, अंदाज कुठे संपतो, कोणाचं म्हणणं धरायचं याबद्दल ते कसोशीने भांडत होते. त्यांच्यापाशी स्वतःची रीत होती. त्याच सुमारास येल विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रीय सूचीत त्याला लोकवनस्पतिशास्त्रासारख्या शब्दांची ओळ दिसली, आणि त्याच धर्तीवर त्याने हे नाव घडवलं. नाव बोजड झालं हे खरं. त्याची भाषा तर त्याहून बोजड, आणि यासाठी मी त्याला माफ करत नाही. रोजच्या जगण्याबद्दल बोलणाऱ्याने वाचकाला इतकं दमवायला नको होतं.

त्याचे गुरू हार्वर्डचे टॅल्कट पार्सन्स. त्यांच्या हाताखाली १९५२ साली त्याने पीएच.डी. केली. पार्सन्स यांचं उत्तर असं, की समाज टिकतो कारण त्याची मूल्यं आणि नियम माणसाच्या अंगी मुरलेले असतात. गारफिंकलचा प्रश्न अगदी साधा होता: मुरलेला नियम आत्ता, या घडीला, या माणसापुढे लागू आहे हे माणूस ओळखतो कसा? नियम स्वतःहून ते सांगत नाही. ते ओळखणं हे काम आहे, आणि ते काम आपण सगळे उठल्यापासून झोपेपर्यंत करतो, इतकं सहज की दिसतं पण ध्यानात येत नाही.

ध्यानात यावं म्हणून त्याने विद्यार्थ्यांना घरी पाठवलं. स्वतःच्या घरात पंधरा मिनिटं ते तासभर भाडेकरूसारखं वागा: परवानगी घेऊन बसा, विचारल्याशिवाय बोलू नका, अदबीने बोला. आयाबाप गोंधळले, रागावले, बरं नाही का, नोकरी गेली का असं विचारू लागले. याच प्रयोगांमुळे तो प्रसिद्ध झाला आणि याच प्रयोगांमुळे बदनामही. ज्या आईचं पोरगं एका संध्याकाळी अचानक परकं झालं तिचा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि असे प्रयोग मी कोणत्याही विद्यार्थ्याला करायला सांगणार नाही. पुढे अनेक वर्षं लोकांना गारफिंकल म्हटलं की एवढंच आठवत राहिलं, हे नुकसान त्याहून मोठं. फायलींचं प्रकरण कोणी वाचेना.

पुस्तक आल्यावर १९६८ साली अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या मुख्य नियतकालिकात जेम्स कोलमन यांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. कोलमन म्हणजे साधी असामी नव्हे. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या नेतृत्वाखाली लाखो विद्यार्थ्यांच्या माहितीवर बेतलेला शैक्षणिक समान संधीचा अहवाल आला होता आणि तो अमेरिकेतल्या शाळांच्या धोरणात गाजत होता. लाखो अनुसूची म्हणजे लाखो वेळा कोणीतरी कुठल्यातरी खोलीत ‘जाऊ दे’ म्हटलेलं असणार. या माणसाला गारफिंकलचं म्हणणं कसं रुचावं?

मला जास्त विचार करायला लावला तो लुईस कोझर यांनी. १९७५ साली परिषदेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी दोन पद्धतींवर एकदमच हल्ला चढवला: एक आकडेमोडीची नवी तंत्रं आणि दुसरी एथ्नोमेथडॉलॉजी. दोन्ही पद्धती आशयाच्या शोधात भटकताहेत, असा त्यांचा आरोप होता. त्यातही एथ्नोमेथडॉलॉजी हा एक पंथ झालाय, आपसांत बोलणाऱ्या शिष्यांचा, आणि टेलिफोनवरचं संभाषण कसं सुरू होतं असल्या किरकोळ गोष्टी तो चघळत बसतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग कोझर यांचं आयुष्य वाचलं. जन्म १९१३, बर्लिन. हिटलर सत्तेवर आल्यावर पॅरिसला पळाले, तिथे युद्धात नजरकैद, १९४१ साली कसेबसे अमेरिकेत. सामाजिक संघर्षावरचं त्यांचं पुस्तक आजही वाचलं जातं. ज्याच्या डोळ्यांदेखत एका देशाचं राज्य, कायदा आणि शेजार कोसळला, त्याला वाटणारच की समाजशास्त्राने सत्तेबद्दल, विषमतेबद्दल बोलावं. टेलिफोनवरच्या पहिल्या वाक्यात आयुष्य घालवणारी हुशार पोरं पाहून त्याला तळमळ वाटली असेल तर ती खोटी नव्हती.

पण सत्ता कुठे असते? गारफिंकलची अगदी पहिली छापलेली लिखाणं याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि वादाच्या भरात त्यांचा उल्लेख क्वचित येतो. १९४० साली, बाविशीत, त्याने ‘कलर ट्रबल’ नावाचं एक लिखाण प्रसिद्ध केलं. व्हर्जिनियातल्या बसमध्ये एक कृष्णवर्णीय तरुणी मागच्या मोडक्या आसनावर बसायला नकार देते. ड्रायव्हर, पोलीस, प्रवासी, वेळापत्रक सगळं अडून राहतं, आणि शेवटी तिला अटक होते. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात वकील म्हणून मोठं नाव झालेल्या पॉली मरे यांच्या बाबतीत त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये घडलेला तो प्रसंग असल्याचं अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं. त्याचा एम.ए.चा प्रबंध नॉर्थ कॅरोलायनातल्या खुनाच्या खटल्यांवर होता: मारणारा गोरा की काळा, मेलेला गोरा की काळा, यावर कोर्टाची नजर कशी पालटते. बसमधला कायदा कोणी वाचून दाखवत नव्हतं. ड्रायव्हरने मागे वळून पाहायचं, प्रवाशांनी घड्याळाकडे पाहत चुळबुळ करायची, पोलिसाने अदबीच्या आवाजात धमकी द्यायची, अशा बारीकसारीक कृतींतून तो कायदा त्या दिवशी पुन्हा एकदा उभा केला जात होता. इतक्या जवळून तो दिसतो. लांबून नुसता ‘वर्णभेद’ हा शब्द दिसतो.

कोझर यांचं भाषण झालं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गारफिंकलचा सहकारी हार्वी सॅक्स मोटार अपघातात गेला, अवघ्या चाळिशीत. टेलिफोनवरच्या बोलण्याचा अभ्यास त्याने सुरू केला तो लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राला येणाऱ्या फोनवरून. पलीकडचा माणूस मरायला निघालेला आहे आणि अलीकडच्याला त्याचं नाव हवंय. अलीकडचा स्वतःचं नाव सांगून मदत विचारतो, म्हणजे आता रीतीप्रमाणे पलीकडच्याने आपलं नाव सांगायचं. तो म्हणतो, ऐकू येत नाही. त्या एका ‘ऐकू येत नाही’ने नाव सांगायची जागा निघून जाते, आणि नकार दिला असं कोणी म्हणू शकत नाही. हे किरकोळ असेल तर मोठं कशाला म्हणायचं मला कळत नाही.

सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन यांचा पाळीपाळीने बोलण्यावरचा निबंध १९७४ साली आला, तोही भाषाशास्त्राच्या नियतकालिकात. त्यातून वाढलेल्या संभाषण-अभ्यासाने पुढे काय केलं याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगते. २००७ साली जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वीस डॉक्टरांबरोबर एक प्रयोग छापला. रुग्णाने पहिली तक्रार सांगितली की डॉक्टरांनी विचारायचं: आज आणखी काही बोलायचंय का? काही डॉक्टरांनी ‘काही’साठी ‘एनी’ वापरायचं, काहींनी ‘सम’. इंग्रजीत पहिला शब्द ‘नाही’कडे झुकतो, दुसरा ‘हो’कडे. आपल्याकडे “अजून काही नाही ना?” आणि “अजून काय सांगायचंय?” यांत पडतो तसाच फरक. ज्यांना एकाहून जास्त तक्रारी होत्या त्यांच्या न बोललेल्या तक्रारी ‘सम’ने ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. भेटीचा वेळ वाढला नाही. ‘एनी’ने काहीच फरक पडला नाही.

अशी कामं झाली, पण घरातलं स्थान तसंच राहिलं. समाजशास्त्राने या मंडळींना ओसरीवर पाट मांडला, माजघरात घेतलं नाही. अमेरिकन परिषदेत एथ्नोमेथडॉलॉजी आणि संभाषण-विश्लेषणाचा स्वतंत्र विभाग आहे, पाठ्यपुस्तकात प्रकरण आहे, गारफिंकलला १९९५ साली पुरस्कारही मिळाला. जिथे खरी गरज लागली तिथे हे लोक निघून गेले: संगणकाच्या प्रयोगशाळांत, विमानतळांच्या नियंत्रण कक्षांत. ल्युसी सचमन यांनी झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत फोटोकॉपीच्या यंत्रापुढे अडलेली माणसं पाहून १९८७ साली जे पुस्तक लिहिलं, ते यंत्र बनवणाऱ्यांनी समाजशास्त्रज्ञांपेक्षा जास्त वाचलं असेल.

आतल्या लोकांतही एकमत नाही. मेल्विन पोलनर यांनी १९९१ साली खंत मांडली, की मान्यता मिळत गेली तशी या अभ्यासाची स्वतःकडे वळून पाहायची धार बोथट झाली. काहींना वाटतं समाजशास्त्राशी नातंच नको. गारफिंकल स्वतः शेवटपर्यंत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइमचं बोट सोडत नव्हता. सामाजिक तथ्यांना वस्तू माना, असं दर्खाइमने १८९५ साली सांगितलं. गारफिंकलचं म्हणणं, मानू. पण ती वस्तू रोज, जागच्या जागी, माणसं बनवतात कशी ते दाखवणं हेच समाजशास्त्राचं मूळ काम आहे. मला हेच पटतं. बेरोजगारीचा दर, आत्महत्येचा दर, कामकरी स्त्रियांचं प्रमाण ही उत्तरं आहेत. रीत दाखवा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभं करून गणित शिकवता येत नाही.

एका बाबतीत मात्र माझं गारफिंकलशी जमत नाही. आपण रीत दाखवायची, ती बरी की वाईट हे ठरवायचं नाही, दुरुस्ती सुचवायची नाही, असा त्याचा दंडक. त्यामागचा विचार मला समजतो: दुरुस्तीची घाई झाली की पाहणं संपतं. पण मी गोठ्यात उभी होते. त्या बाईला ९२ पडला तर ती कामकरी नाही, आणि कामकरी नाही तर तिच्यासाठी कुठली योजना नाही. माझ्या नोकरीत मला कधी ना कधी कोड द्यावाच लागतो.

आता मी पाहणीला जाणाऱ्या मुलामुलींना शिकवते. कागद गेला, टॅबलेट आला. कागदाच्या समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिता यायचं, टॅबलेटला समास नसतो. भांडून मी शेऱ्याची एक चौकट मागून घेतली आहे, दीडशे अक्षरांची. बहुतेक जण ती रिकामी सोडतात. मागच्या महिन्यात फलटणकडच्या एका गावातून आलेल्या नोंदी पाहत होते. बाईचं वय, शिक्षण, मुख्य काम ९२. खाली शेऱ्यात त्या पोरीने लिहिलं होतं: ‘काही करत नाही म्हणाल्या. मुलाखत दोनदा थांबली, म्हैस पान्हवली होती.’

मी तिला फोन लावला. म्हटलं, कोड ९२ का दिलास? ती म्हणाली, “मॅडम, त्यांचे मिस्टर बाजूलाच बसले होते.”